शिवेवरचा बिबट्या
(शीव येथील परिसंवादात केलेले भाषण)



आपण जेथे जमलो आहोत, त्या स्थळाचे नावच आजच्या विषयाला पोषक आहे. शीव म्हणजे हद्द. इंग्रजांचे मुंबई बेट येथे संपत असे आणि खाडीपलीकडे पोर्तुगिजांची साष्टी सुरू होई. त्या साष्टीच्या डोंगरात आज सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील बिबट्या मात्र आपण आखलेली शीव जाणत नाही.

वारली बांधव वाघोबाला पूजतात, वाघबारशीला नैवेद्य दाखवितात. त्यांना भय नव्हते असे नव्हे. या शेजाऱ्यासह राहावयाचे आहे, हे त्यांनी गृहीत धरले होते. केनियातील मसाई पशुपालकही सिंहांच्या मुलखात रात्री गुरे काटेरी कुंपणात कोंडतात.

आपण मात्र बिबट्या दिसताच पिंजरा मागतो. जुन्नर परिसरात हे करून झाले आहे. उसाच्या फडांतून २९ बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्यात आले. डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात आढळले, की १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. स्थलांतर सुरू झाल्यावर, २००३ पर्यंत, ते १७ वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर अधिक घातक ठरले. पिंजऱ्याने गावाचे समाधान होते, हे मी जाणतो. ज्या घरातले मूल गेले, त्या घरापुढे सहजीवनाचे प्रवचन करण्याचा अधिकार मला नाही. म्हणूनच पुढचे मूल कसे वाचेल, एवढेच बोलतो.

मुंबईत २००४ मध्ये उद्यानाच्या कडेने अनेक बळी गेले. २०११ पासून वन विभागाने नागरिकांना हाताशी धरून निराळी वाट चोखाळली. कचरा साचला की भटकी कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. तेव्हा कचरा हटविणे हाच पहिला बंदोबस्त ठरला.

पंचायत सदस्यांनी पिंजऱ्याचा ठराव करण्यापूर्वी पाहावे, की गोठ्याला दार आहे का, पायवाटेवर दिवा आहे का, घरोघरी शौचालय आहे का. शिक्षकांनी मुलांना अंधारात एकट्याने न जाण्याची सवय लावावी. बिबट्या दिसल्यास गर्दी करू नये. घेरलेले जनावर अंगावर येऊ शकते. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि गुराढोरांची हानी झाल्यास पंचनाम्यासाठी विनाविलंब वर्दी द्यावी.