पहाटेच्या गारठ्यात जड होणारं स्टिअरिंग

आमच्या निफाडला थंडीत पारा 5 अंशांच्या आसपास उतरतो. अशा पहाटे बाजाराला जाताना गटाच्या टेम्पोचं स्टिअरिंग जड लागतं. गारठ्यानं पॉवर स्टिअरिंगचं तेल दाट होतं, टायरमधल्या हवेचा दाबही घटतो. म्हणून आम्ही टेम्पो उघड्यावर काढून इंजिन 2-3 मिनिटं चालू ठेवतो. स्टिअरिंग हळूहळू फिरवतो. शेवटच्या टोकाला दाबून धरत नाही, त्यानं पंपावर ताण येतो. तेलाची पातळी आणि हवा दर आठवड्याला बघतो. गाडी तापल्यावरही स्टिअरिंग जडच राहिलं किंवा खाली तेल ठिबकलं, तर माल खोळंबला तरी चालेल, आधी मेकॅनिकला दाखवतो. उतारावर चाक वळलं नाही, तर जिवावर बेतेल. उद्या निघण्याआधी तुम्हीही एवढं बघाच.