ॲपला दिसलं सुरण, मुलीला शेवळ



घरोघरी तक्रार एकच आहे: मुलं मोबाईल सोडत नाहीत. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तोच मोबाईल घेऊन मुलांना रानात कसं नेता येतं, ते आज सांगतो.

पोशेरा हे पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यातलं गाव. वर्तमानपत्रात मोखाडा येतो तो कुपोषणामुळे, नाहीतर कामासाठी होणाऱ्या स्थलांतरामुळे. इथल्या मुलांना काय येत नाही, हे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांना काय येतं, ते बघायला आम्ही तिघं मित्र जूनमध्ये तीन जुने फोन घेऊन गेलो. नियम साधे: काही तोडायचं नाही, घरट्याजवळ जायचं नाही, आणि प्रत्येक झाडाचे चार फोटो घ्यायचे. पूर्ण झाड, पानाची वरची बाजू, खालची बाजू, आणि आकार कळावा म्हणून शेजारी हात ठेवून एक.

पहिल्या पावसानंतर जमिनीतून एक कोंब वर आला होता, पान एकही नाही. एका मुलीने फोटो काढला. ॲप म्हणालं, सुरण. ती हसली. हे शेवळ आहे, भाजीत काकडं घातली नाहीत तर घसा खाजतो, असं तिने आम्हाला समजावलं. शेवळ आणि सुरण दोन्ही अमॉर्फोफॅलस या एकाच गटातले, म्हणजे ॲप फार लांब गेलं नव्हतं. पण ॲपला तेच ओळखता येतं, ज्याचे भरपूर फोटो त्याला आधी दाखवलेले असतात. ते अंदाज सांगतं. म्हणून ॲपच्या भरवशावर रानातलं काही खायचं नाही, हेही मुलांना बजावा.

सलीम अली लहान असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. त्यांचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी चिमणी ओळखली आणि त्या मुलाला संस्थेतला पक्ष्यांचा संग्रह दाखवला. पुढे १९४१ साली याच मुलाचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. आज पक्षी मारायची गरज नाही, फोटो पुरतो. पण मुलाचा प्रश्न मनावर घेणारा मिलार्ड अजूनही लागतो. ते काम फोन करत नाही, आपल्याला करावं लागतं.

आयनॅचरलिस्टवर फोटो, तारीख आणि ठिकाण दिलं की इतर लोक ओळख तपासतात. दोन तृतीयांशांहून अधिक जणांचं एकमत झालं, की नोंद संशोधनाच्या दर्जाची मानली जाते. तिथे टिपणात स्थानिक नावही लिहा. पोशेऱ्याच्या मुलीचं ज्ञान त्यामुळे गावाबाहेर पोहोचतं. खातं मोठ्या माणसाचं ठेवा. मुलांचे चेहरे आणि घरं फोटोत येऊ देऊ नका.

यासाठी मोखाड्यालाच जायला हवं असं नाही. मुंब्र्याच्या मागे डोंगर आहे, मालेगावात मोसम नदीचा काठ आहे. पुढच्या रविवारी मोहल्ल्यातली पाच मुलं आणि एक फोन घेऊन निघा. दिसेल त्याचं नाव ॲपला विचारा, मग घरी नानीला, दादीला विचारा. दोन्ही उत्तरं वहीत लिहा. ती जुळली नाहीत, तर तिथूनच अभ्यास सुरू करा.