कढईतल्या बटर कुकीज आणि आजीचा प्रश्न

दिवाळी तोंडावर आलीये, आणि गेल्या भागानंतर दोन-तीन जणांनी विचारलं की घरी करता येतील अशा बिनअंड्याच्या बटर कुकीज कशा करायच्या. मी काही शेफ नाही. दिवसभर कोड लिहितो आणि रात्री भांडी घासतो. पण या एका पदार्थावर मी जवळजवळ वर्षभर घालवलंय, त्यामुळे यावर बोलायचा थोडाफार हक्क आहे असं समजतो. कृती सांगतोच, पण आधी हे सगळं का सुरू झालं ते सांगावं लागेल, नाहीतर कढईचं काय प्रकरण आहे ते कळणार नाही.

माझी आजी फलटणला असते. माळकरी आहे. म्हणजे गळ्यात तुळशीची माळ, आषाढात माऊलींची पालखी गावात मुक्कामाला आली की घरात पाय ठेवायला जागा नसते, आणि मांस, मासे, अंडं यातलं काही तिच्या ताटात सोडा, तिच्या ओट्यावरसुद्धा येत नाही. वयाच्या चाळिशीत तिनं माळ घेतली. आता ती ऐंशीला आलीये. हिशोब तुम्हीच करा.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. आम्हाला ऑफिसातून एक भेटीचा डबा मिळाला होता, त्यात काजू-बदाम आणि एक कुकीजचा खोका. छान सोनेरी खोका होता. मी तो तसाच उचलून फलटणला नेला. भाऊबीजेच्या दुपारी आजीनं चहाबरोबर दोन कुकीज खाल्ल्या. दात कमी आहेत, त्यामुळे चकली तिला आता जमत नाही. कुकी तोंडात घातली की विरघळायची. "लई खुसखुशीत हाय रं," म्हणाली. मला भारी वाटलं.

संध्याकाळी रिकामा खोका कचऱ्यात टाकताना मी तो उलटा केला. खाली कोपऱ्यात तपकिरी खूण. आपल्याकडे पाकिटावर अंडं मांसाहारी खुणेतच मोजतात, दूध हिरव्यात. आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात घटकांच्या यादीत चौथा की पाचवा शब्द, अंड्याची पूड.

मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "आता बोलू नकोस. झालं ते झालं. तिला सहन होणार नाही." मी बोललो नाही. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच होतं.

पुढे गंमत अशी झाली की आजीला त्या कुकीज आवडल्या होत्या. फोन केला की शेवटी एक वाक्य ठरलेलं, "ती बिस्किटं परत आण रं." संक्रांतीला म्हणाली, पाडव्याला म्हणाली. मी दर वेळी "हो हो" करायचो. मग ठरवलं, आपण तशीच करू, बिनअंड्याची, आणि पुढच्या दिवाळीला नेऊ. तिला काही कळायचं कारण नाही. डोक्यात हा विचार होता हे कबूल करतो.

आता बेकिंगकडे येतो.

मी पुण्यात दोघांबरोबर फ्लॅट शेअर करतो. आमच्याकडे छोटा ओव्हन आहे. त्याच्या ट्रेवर एका मित्राने कधीकाळी अंड्याचा केक केला होता, म्हणून मी स्वतःसाठी वेगळा ट्रे घेतला आणि त्यावर मार्करने लिहून ठेवलं, हात लावू नये. पहिल्या वेळी मी बटर मायक्रोवेव्हमध्ये पातळ केलं, कारण फेटायला सोपं जाईल असं वाटलं. सगळ्या कुकीज पसरून एकमेकींना चिकटल्या आणि ट्रेभर एकच पोळी झाली. दुसऱ्या वेळी चपातीच्या कणकेसारखं दाबून मळलं. त्या कुकीज फरशीवर पडल्या तर फरशीची काळजी वाटावी इतक्या कडक. तिसऱ्या वेळी वरून रंग येईपर्यंत थांबलो, तोवर बूड करपलं होतं.

मग जे काम मी ऑफिसात करतो तेच केलं. वही काढली, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायचं. वाटीचं माप पहिल्यांदा बाद केलं. प्रत्येकाच्या घरची वाटी वेगळी, आणि मैदा दाबून भरला की सैल भरला यावर वजन बदलतं. साधा वजनकाटा आणला आणि निम्मे प्रश्न तिथेच सुटले. प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा, सगळं वजनाने. म्हणजे 50 ग्रॅम पिठीसाखर, 100 ग्रॅम बटर, 150 ग्रॅम मैदा. बेकिंग पावडर नाही, सोडा नाही. बटर मीठवालं असेल तर वेगळं मीठ नाही. यात साधारण 12 ग्रॅमच्या 24 कुकीज होतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो बटरच्या तापमानात. बटर पस्तिसेक अंशाच्या आसपास वितळतं, आणि आपल्याकडे दिवाळीच्या आधी ऑक्टोबरच्या उन्हात स्वयंपाकघरच तिथं जाऊन पोचलेलं असतं. पाककृतीत लिहिलेलं असतं "रूम टेंपरेचरचं बटर". कुठल्या देशातली रूम, ते कोणी लिहीत नाही. तर बोट दाबलं की खळगा पडेल पण बोटाला तेलकट ओघळ येणार नाही, इतकंच मऊ हवं. आणि कुकीज वळून झाल्या की ताटासकट अर्धा तास फ्रीजमध्ये. ही एक पायरी गाळली की पहिल्या दिवसाची पोळी परत हजर. ओव्हन दहा मिनिटं आधी तापवून 160 अंशांवर, पंधरा ते अठरा मिनिटं. बाहेर काढताना कुकी मऊच लागते. कच्ची राहिली असं वाटून परत आत टाकू नका. गार होताना ती कडक होते. कडा किंचित रंगल्या की काढायची.

सप्टेंबरपर्यंत माझ्या कुकीज बऱ्या व्हायला लागल्या. दिवाळीला डबा भरून मी फलटणला गेलो.

आजीनं डबा उघडला, वास घेतला आणि विचारलं, "गेल्या खेपेचीच ना ही?"

बघा, मी या प्रश्नाची तयारीच केली नव्हती. "हो" म्हटलं असतं तर सगळं संपलं असतं. मी म्हणालो, "नाही, मी घरी केलीत." "का? ती मिळाली न्हाईत?" आई आतून माझ्याकडे बघत होती. मी सांगून टाकलं. त्या खोक्यात अंडं होतं, मला नंतर कळलं, आणि वर्षभर मी गप्प बसलो.

आजी काही बोलली नाही. उठून देवघरात गेली, बराच वेळ बसली. मी बाहेर पायरीवर. मग बाहेर आली आणि विचारलं, "खोक्यावर लिव्हलं होतं?"

"हो. खाली."

"मग वाचायचं न्हाई का? एवढा शिकलास."

बास. एवढंच. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. माझ्या डब्यातली एकही कुकी तिनं त्या दिवशी खाल्ली नाही. मी ट्रे वेगळा घेतल्याचं सांगितलं, ओव्हन पुसल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "तू सांगतोस, पर म्या कुठं बघितलंय?" आणि हे बरोबरच होतं ना. ज्यानं एकदा न वाचता खाऊ घातलं, त्याच्या शब्दावर तिनं दुसऱ्यांदा का जावं?

आई सांगते, पूर्वी दिवाळीच्या आधी मैदा, साखर, तूप घरून घेऊन बेकरीत नानकटाई करून आणायची पद्धत होती. पत्र्याच्या डब्यावर नावाची चिठ्ठी लावायची आणि रात्री घ्यायला जायचं. आजी डबा ठेवून यायची नाही. भट्टीसमोर बसून राहायची, आपल्या पत्र्यावर आपलाच कागद घालून घ्यायची. बेकरीवाले वैतागायचे म्हणे.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी आजी म्हणाली, "हितं कर. माझ्यासमोर." फलटणच्या घरात ओव्हन नाही. जाड बुडाची कढई आहे, आणि तीही तिची.

कोपऱ्यावरच्या दुकानातून बटरचं 100 ग्रॅमचं पाकीट आणलं. 150 ग्रॅम मैदा मागितल्यावर दुकानदारानं माझ्याकडे असं बघितलं की बोलायची सोय नाही. घरी आल्यावर आजीनं पाकीट माझ्या हातात दिलं, "वाच." मी मोठ्यानं वाचलं. हिरवी खूण दाखवली. मैद्याची पुडी सुटी होती, तिच्यावर वाचायला काही नव्हतं, तर तिनं मैदा स्वतः चाळला.

मी बटर आणि पिठीसाखर फेटायला घेतली, तर म्हणाली, "आरं हे तर साट्यासारखंच फेसायचं." ती करंजी आणि चिरोट्याला तूप आणि तांदळाचं पीठ फेसून साटा करते. त्याचा थेंब पाण्यात टाकून तरंगला की झाला. मी इंटरनेटवर तीन व्हिडिओ बघून शिकलो होतो की बटर पांढुरकं आणि हलकं होईपर्यंत फेटायचं, म्हणजे त्यात हवा भरते. तीच गोष्ट ती पन्नास वर्षं हाताच्या पंजानं करतेय.

मैदा घातल्यावर मी विचारलं, "अंड्याशिवाय हे धरून राहतं याचं तुला नवल नाही वाटत?" ती म्हणाली, "शंकरपाळ्यात कुठं आंडं असतंय? मोहन बरोबर असलं की झालं. मुटका वळतोय का बघ."

मला खरंच तिथे थांबायला झालं. मी "बिनअंड्याची" म्हणजे काहीतरी काढून टाकलेली, कमतरता असलेली कुकी समजत होतो. अंड्याऐवजी काय घालायचं, दही की केळं की जवस, असले पर्याय शोधत बसलो होतो. केकमध्ये अंडं काम करतं, तिथे फुगवायचं आणि धरून ठेवायचं असतं. बटर कुकीत ते काम मुळात नाहीच. मैद्याच्या कणाभोवती स्निग्धाचा थर बसतो, त्यामुळे मळताना चिवटपणा येत नाही, आणि म्हणून ती खुसखुशीत होते. आपल्या भाषेत मोहन. फक्त शंकरपाळ्यापेक्षा खूप जास्त. मुठीत दाबलं की गोळा झाला पाहिजे, बोटानं ढकलला की मोडला पाहिजे. मुटका वळत नसेल तर चमचाभर दूध. वळला की हात काढून घ्यायचा, मळत बसायचं नाही.

कढईचं आता नीट ऐका, कारण बऱ्याच जणांकडे ओव्हन नसतो. जाड कढईत बोटाच्या पेराएवढं जाडं मीठ पसरायचं, त्यावर स्टँड किंवा पालथी वाटी. झाकण लावून दहा मिनिटं मध्यम आच. कुकीज तूप लावलेल्या स्टीलच्या ताटलीत, मध्ये जागा सोडून, एका वेळी आठ. ताटली आत, झाकण घट्ट, गॅस बारीक. पहिली पंधरा मिनिटं झाकण उघडायचं नाही. आजीनं दोनदा उघडलं, तर पहिला घाणा पांढरा राहिला. एकूण वीस-पंचवीस मिनिटं. इथे उष्णता खालून येते, म्हणून वरचा रंग बघू नका, एक कुकी हलकेच उचलून बूड बघा. बदामी झालं की काढा. ते मीठ पुढच्या वेळी याच कामाला वापरता येतं, भाजीत नाही. आम्ही व्हॅनिलाऐवजी वेलची आणि किंचित जायफळ घातलं.

दुसरा घाणा उतरल्यावर आजीनं त्यातल्या दोन वाटीत घेतल्या, देवापुढे ठेवल्या, हात जोडले. मग एक मोडून अर्धी तोंडात टाकली. मी बघत होतो हे तिला माहीत होतं.

"गोड कमी हाय," म्हणाली.

तेव्हापासून आमच्या घरच्या प्रमाणात साखर 65 ग्रॅम आहे. तुम्ही 50 नेच सुरुवात करा, नंतर वाढवा. कुकीज पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, कोमट भरल्या तर नरम पडतात. घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा दिवस आरामात टिकतात, म्हणजे कोणी शिल्लक ठेवल्या तर.

परवाच आजीचा फोन होता. यंदा तुळशीच्या लग्नाला पन्नास हव्यात, शेजारी वाटायला. एका घाण्यात आठ, म्हणजे सात घाणे, म्हणजे जवळपास तीन तास कढईसमोर. ओव्हन घेऊन येऊ का विचारलं. म्हणाली, "नगं. कढई घासून ठेवते."