मातृभाषेची तिसरी पिढी

(पनवेल येथे पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



स्थलांतरित कुटुंबांतील मुले आणि त्यांची मातृभाषा या विषयावर बोलण्यासाठी पनवेलइतके योग्य स्थान क्वचितच सापडेल. देशावरून घाट उतरणारी वाट, कोकणातून वर येणारी वाट आणि मुंबईकडे जाणारी वाट येथे पूर्वापार एकत्र येत आल्या आहेत. 1970 साली सिडकोची स्थापना झाली आणि त्यानंतर खारघर, कामोठे, कळंबोली या गावांची नगरे झाली. आज तेथील एखाद्या इमारतीचा जिना चढताना मल्याळम, तमिळ, भोजपुरी, गुजराती, कन्नड अशा चार-पाच भाषा कानी पडतात. 2025च्या ऑक्टोबरमध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यामुळे हा ओघ वाढणार, हे सांगावयास ज्योतिषी नको.

या सर्व घरांतील मुले बहुभाषिक आहेत. घरात एक भाषा, जिन्यात हिंदी, शाळेत इंग्रजी. या मुलांच्या घरातील भाषेला भाषाशास्त्रज्ञ ‘वारसाभाषा’ म्हणतात. तिच्याविषयी जगभर आलेला अनुभव असा, की स्थलांतर करणारी पहिली पिढी ती बोलते, दुसरी समजते आणि उत्तर मात्र दुसऱ्या भाषेत देते, तिसऱ्या पिढीला ती समजतही नाही. जोशुआ फिशमन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने या प्रश्नाच्या अभ्यासात आयुष्य वेचले. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा गाभा असा, की घर आणि शेजार यांत जी भाषा पुढच्या पिढीच्या मुखी जात नाही, तिला शाळा, वृत्तपत्रे किंवा कायदे एकट्याने तारू शकत नाहीत. हे विधान तपासून पाहण्यास आपल्याला अमेरिकेत जाण्याची आवश्यकता नाही.

आपल्या पनवेल शहरात बेथ-एल नावाचे, 1849 साली बांधलेले बेने इस्रायली समाजाचे प्रार्थनामंदिर आहे. या समाजाची परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचले. ते येथे राहिले, तेल गाळू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. त्यांची आडनावे पाहा: दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर. कुलाबा जिल्ह्याचा नकाशाच जणू. शतकानुशतके त्यांचा धर्म वेगळा राहिला, सण वेगळे राहिले. या भूमीने त्यात कधी आडकाठी केली नाही. मात्र त्यांची अंगाई मराठी होती आणि भांडणही मराठी होते. एकोणिसाव्या शतकात त्यांनी बायबलमधील आख्यानांवर मराठी कीर्तने रचली. 1874 साली पुण्यात छापलेल्या त्यांच्या वल्हांडणाच्या पोथीत हिब्रू पाठाबरोबर मराठी भाषांतर आहे, आणि चित्रात भाकरी करणाऱ्या स्त्रिया साडी नेसलेल्या आहेत.

1948 साली इस्रायलची स्थापना झाली. पुढील काही दशकांत येथील बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली आणि लोद, रामले, अश्दोद, बीरशेबा, दिमोना अशा नगरांत स्थिरावली. त्यांना मराठीचा विसर पडला, असे कोणी म्हणू नये. त्यांनी तेथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले. ज्या देशात मराठी वाचणाऱ्यांची संख्या वाढणार नाही हे पहिल्या दिवसापासून ठाऊक, तेथे अंक काढण्यास किती निष्ठा लागत असेल! तथापि शाळा हिब्रू, सैन्य हिब्रू, बाजार हिब्रू. तेथे जन्मलेल्या पिढ्यांची पहिली भाषा हिब्रू झाली. पोहे, नारळ आणि फळे यांचे मलिद्याचे ताट आजही मांडले जाते, त्याचे नावही तेच आहे. पण ताटाभोवती बसलेल्या मुलांचे बोलणे वेगळ्या भाषेत चालते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या हिब्रूने मराठीची जागा घेतली, ती स्वतः अनेक शतके कोणाच्या घरची बोली नव्हती. प्रार्थना, ग्रंथ आणि पत्रव्यवहार यांत ती जिवंत होती, परंतु लहान मूल तिच्यात रडत नव्हते की हट्ट करीत नव्हते. एलिएझर बेन-येहुदा 1881 साली पॅलेस्टाइनमध्ये आले. 1882 साली त्यांना मुलगा झाला आणि त्याच्या कानावर हिब्रूखेरीज दुसरी भाषा पडू द्यावयाची नाही, असा त्यांनी निर्धार केला. शेजाऱ्यांनी त्यांना वेडे ठरविले. पुढे बालवाड्या निघाल्या, शिक्षकांनी नवे शब्द घडविले आणि राज्य स्थापन होण्यापूर्वी साठ-पासष्ट वर्षे हे कार्य चालू होते. आपल्याकडे इस्रायलचे कौतुक पुष्कळ होते. मात्र कौतुक करणारे बहुधा सैन्याचा भाग सांगतात, बालवाडीचा सांगत नाहीत.

आता दुसऱ्या टोकाचे उदाहरण घेऊ. मॉरिशसमध्ये 1834 पासून हिंदुस्थानी मजूर करारावर नेले जाऊ लागले. त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही गणेश चतुर्थी थाटाने साजरी करतात. त्या दिवशी तेथे सार्वजनिक सुटी असते, आणि आपल्या जाखडीशी नाते सांगणारी ‘झाकरी’ नाचली जाते. प्राथमिक शाळेत मराठी हा ऐच्छिक विषय आहे. 1970 साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेत तिच्या उच्च शिक्षणाची सोय आहे. म्हणजे इस्रायलमध्ये जे मिळाले नाही ते सर्व येथे आहे: शाळा, शिक्षक, परीक्षा, शासनमान्यता. परंतु घरात बहुतेक कुटुंबे क्रिओल बोलतात. मूल मराठीची परीक्षा उत्तीर्ण होते आणि घरी येऊन आजीशी क्रिओलमध्ये बोलते. हेही थोडके नाही. आरती कळून म्हणणे आणि न कळता म्हणणे यांत अंतर आहेच. पण पाठ्यपुस्तकातली भाषा स्वयंपाकघरात आपोआप उतरत नाही, हे मॉरिशसने दाखविले.

तंजावरचा प्रकार याहून निराळा. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर आणि त्यांच्यामागून तेथे गेलेल्या कुटुंबांच्या घरांत आजही मराठी बोलली जाते. तिच्यात जुने शब्द आहेत आणि तमिळचे हेलही आहेत. शहाजीराजांच्या ‘पंचभाषाविलास’ या नाटकात पाच भाषा नांदतात. बहुभाषिकतेची भीती त्या दरबाराला नव्हती. बृहदीश्वराच्या मंदिरात 1803 साली कोरलेला भोसल्यांचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. मराठी कीर्तनातील साकी, दिंडी, ओवी या चाली तमिळ हरिकथेने आपल्याशा केल्या. घरात बोलणे टिकले, म्हणून भाषा साडेतीनशे वर्षे टिकली. पण शिक्षण तमिळ आणि इंग्रजीत झाल्यामुळे अनेकांना देवनागरी वाचता येत नाही. पूर्वजांनी शिळेवर कोरून ठेवलेला मजकूर वंशजाला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो.

ही सर्व उदाहरणे मी पनवेलकरांपुढे का मांडीत आहे? कारण ज्याला स्थलांतर म्हणतात ते घर न सोडताही घडू शकते. विमानतळासाठी दहा गावे उठली. त्या गावांत आगरी बोली होती, आणि लग्नात धवले गाणारी धवलारीण होती. तिच्या मुखात विधीही होता आणि भाषाही होती. आज तिच्या नातवाला शाळेत ‘शुद्ध बोल’ असे सांगितले जाते, आणि ‘शुद्ध’ म्हणजे पुष्कळदा इंग्रजी असते. आगरी बोली ही मराठीचे बिघडलेले रूप आहे, असे मानणारे शिक्षक अजूनही भेटतात. हे अज्ञान आहे आणि ते स्पष्ट सांगितले पाहिजे.

दुसरीकडे, खारघरमधील सुशिक्षित मराठी आई-वडील पाच वर्षांच्या मुलाला ‘ब्लू कलरचा शर्ट घाल, फास्ट फास्ट ब्रश कर’ असे सांगतात. येथे क्रियापद तेवढे मराठी उरले आहे. 2011च्या जनगणनेनुसार मराठी भाषकांची संख्या 8 कोटींहून अधिक आहे आणि 2024च्या ऑक्टोबरमध्ये तिला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. यांतील कोणत्याही गोष्टीने त्या मुलाला ‘निळा’ हा शब्द शिकविलेला नाही. 2020 साली राज्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला. तो आवश्यकच होता. त्याने शाळेच्या वेळापत्रकात तास मिळतो. रात्रीचे जेवण कोणत्या भाषेत व्हावे, हे कायदा ठरवीत नाही.

याबाबत आपल्या मल्याळी शेजाऱ्यांकडून शिकण्यासारखे आहे. केरळ शासनाचे ‘मलयाळम मिशन’ राज्याबाहेरील मुलांसाठी वर्ग चालविते. त्यांच्या चार पायऱ्यांना फुलांची नावे आहेत: कणिक्कोन्ना, सूर्यकांती, आंबल, नीलकुरिंजी. पहिले नाव विषूच्या सणाला लागणाऱ्या बहाव्याचे, शेवटचे बारा वर्षांनी फुलणाऱ्या फुलाचे. मुंबई परिसरातही हे वर्ग चालतात. शिकविणारे बहुतेक स्वयंसेवक, आणि मुले आपसांत खेळतात ती मल्याळममध्ये खेळावीत हा त्यामागचा हेतू. आपल्या संकुलातील एखाद्या मल्याळी किंवा कानडी कुटुंबाने असा वर्ग भरविण्यासाठी सभागृह मागितले, तर ते आनंदाने द्यावे. स्वतःची भाषा नीट येणारे मूल दुसरी भाषाही नीट शिकते. कॅनडातील जिम कमिन्स यांनी 1970च्या दशकापासून हेच मांडले आहे, की पहिल्या भाषेत कमावलेली वाचनाची आणि विचाराची क्षमता दुसऱ्या भाषेत वाया जात नाही. घरी चांगले मल्याळम बोलणारे मूल मराठीही लवकर उचलेल, फक्त आपण त्याच्याशी हिंदीत बोलण्याची घाई करू नये.

आपल्या घरांपुरते बोलावयाचे तर बोलणे आणि वाचणे ही दोन्ही कामे एकदम करावी लागतील. एक सोडल्याचे परिणाम तंजावर आणि मॉरिशसमध्ये दिसतात. रोज वीस मिनिटे मोठ्याने वाचून दाखवावे. मूल स्वतः वाचू लागले तरी ते थांबवू नये. आजी-आजोबा गावी असतील, तर त्यांना मुलाच्या हाताने पत्र लिहवून घ्यावे; चार ओळींचे चालेल, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसह चालेल. पनवेलमध्ये के. गो. लिमये यांच्या नावाचे सार्वजनिक वाचनालय आहे. तेथे मुलाचे स्वतंत्र खाते उघडावे आणि पुस्तक त्यालाच निवडू द्यावे, मग ते भुताचे का असेना. आगरी कुटुंबांनी आजीकडून धवले ध्वनिमुद्रित करून घ्यावेत आणि मुलांना ते देवनागरीत उतरवावयास सांगावे. हे काम मात्र पुढच्या वर्षावर ढकलू नये, कारण गाणाऱ्या स्त्रिया वयोवृद्ध आहेत.

एक प्रश्न नेहमी विचारला जातो. आई तमिळ किंवा गुजराती आणि वडील मराठी असतील, तर मूल गोंधळणार नाही का? नाही गोंधळत. आईने सातत्याने आपली भाषा बोलावी, वडिलांनी आपली. आरंभी काही महिने मूल दोहोंची सरमिसळ करील, पण कोणाशी कोणती भाषा बोलावयाची हे ते लवकरच ओळखते. अडचण येते ती दोघेही आपापली भाषा सोडून मुलाशी इंग्रजीत बोलू लागतात तेव्हा. अशा घरी दोन्ही आज्यांनी नातवंडाशी काय बोलावे, हे प्रथम त्या आई-वडिलांनी मला सांगावे, मग मी पुढचे उत्तर देईन.