टू-सीटर, आई आणि ज्वारीचं पोतं

(बोललेल्या भागाचं हे लिखित रूप. 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमेल तेवढे कापलेत. सगळे नाही.)

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नाचे आले. "भावा, ती उघड्या टपाची गाडी घेऊन तू पुण्याहून येलदरीला जातोस, मग सामान कुठं ठेवतोस?" प्रश्न रास्त आहे. आज फक्त त्यावरच बोलू.

आधी 'डिकी' या शब्दाचं बघा. आपण गाडीच्या मागच्या कप्प्याला डिकी म्हणतो, पण इंग्रजांच्या जुन्या टू-सीटर गाड्यांत डिकी म्हणजे मागचं झाकण उघडून बाहेर येणारी जादा सीट. पाहुणा आला तर तो तिथं उघड्यावर बसायचा, पाहुणा नसेल तर ट्रंका. म्हणजे माणूस बसवायचा की सामान ठेवायचं हा झगडा या गाड्यांना जन्मापासूनच आहे. युद्धानंतरच्या एमजी टीसीला तर डिकीच नव्हती. पाठीमागे पेट्रोलची टाकी, त्याच्या मागे स्टेपनी, संपली गाडी. हौशी लोक वरून लोखंडी रॅक बसवायचे. पुढे १९६२ मध्ये एमजीबी आली आणि तीनच वर्षांत, १९६५ ला, कंपनीनं तिच्यावर पक्कं छप्पर आणि मागून उघडणारा दरवाजा देऊन 'जीटी' काढली. याचा अर्थ मी असा घेतो की सामानाचं रडगाणं कारखान्यापर्यंत पोचलं होतं.

माझी गाडी एवढी खानदानी नाही. सॅन स्टॉर्म. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात बनायला लागलेली दोन सीटची गाडी. फायबरची बॉडी, कापडी टप, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, ताकद ६० अश्वशक्तीच्या आसपास. हिला क्लासिक स्पोर्ट्स कार म्हटलं की काही लोक हसतात. हसू द्या. भारतात कोणीतरी असली गाडी बनवायची हिंमत केली, मला तेवढं पुरतं.

आता मुद्दा. परदेशातले हौशी लोक या विषयावर बोलतात तेव्हा सुट्टीला *जाताना* काय न्यायचं याचा विचार करतात. दोन बॅगा, एक तंबू. आपलं गणित उलटं आहे. मी दिवाळीला घरी जाताना एक पाठीवरची बॅग आणि मिठाईचा पुडा नेतो. परत येताना ज्वारी, तूरडाळ, फराळाचे डबे, शेंगदाणे, आणि "शेजारच्या काकूंच्या पोराला पुण्यात दे" म्हणून अजून एक पिशवी. म्हणून रॅक बनवायचा असेल तर परतीचं सामान धरून बनवा. जातानाचं धरून बनवलात तर तुमचा रॅक शोभेचा.

यावेळी अजून एक गोष्ट होती. आईच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकलेला, आणि दिवाळीनंतर ऑपरेशन पुण्यात करायचं ठरलं होतं. म्हणजे परतीला शेजारची सीट आईची. एरवी ती सीट माझी खरी डिकी असते, तिच्यावर आणि तिच्या पायाशी सगळं मावतं. आई जिंतूरहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं यायला तयार होती, पण एका डोळ्यानं अंधुक दिसणारं माणूस मी रात्री दोन वाजता धाब्यावर एकटं उतरू देणार नव्हतो. आणि तिला विचारलं तर तिचा अर्धा जीव ज्वारीत. "मी येईन रे, पण पोतं कुठं ठेवायलास?"

पोतं ५० किलोचं.

पर्याय बघू. टपावर कॅरिअर? मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीवर अख्खं बिऱ्हाड जायचं, ऑक्टोबर २०२३ ला शेवटची टॅक्सी रस्त्यावरून गेली तोपर्यंत ते कॅरिअर तिची ओळख होती. पण तिचं छप्पर पत्र्याचं. माझं कापडाचं. विषय संपला.

स्टेपनी काढून डिकी मोकळी करायची? पुण्यातले बरेच हौशी करतात, पंक्चर किट आणि छोटा पंप ठेवतात. मंठा ते जिंतूर पट्ट्यात रात्री टायरची बाजू फाटली तर किटचा काही उपयोग नसतो, आणि शेजारी आई बसलेली. स्टेपनी राहिली. (हा शब्दही मजेशीर आहे. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीटवर जादा चाकं बनायची, त्यावरून आला. इंग्रज तो विसरले, आपल्या पंक्चरवाल्यानं जपला.)

राहिला मागचा रॅक. इथं जरा थांबा, कारण बहुतेक लोक इथंच फसतात. रॅक म्हटलं की 'किती मावतं' बघतात. बघायचं असतं 'कुठं बसतं'. गोल आकडे धरतो. पुढच्या आणि मागच्या चाकांत २३० सेंटिमीटर अंतर. रॅकचा मध्य मागच्या चाकाच्याही ७० सेंटिमीटर मागे. त्यावर ते ५० किलोचं पोतं टाकलं तर मागच्या चाकांवर किती वजन येईल? ५० नाही. सुमारे ६५. आणि पुढच्या चाकांवरचं १५ किलो *कमी* होईल. सी-सॉ आहे हो, लहान मुलांचा. मागचं चाक म्हणजे मधला टेकू. आता वळायचं कशानं? पुढच्या चाकांनी. ब्रेकचं मोठं काम कोण करतं? पुढची चाकं. म्हणजे नेमकी ज्यांची गरज आहे तीच हलकी केली. तेच ५० किलो मागच्या चाकाच्या ६० सेंटिमीटर पुढे, म्हणजे सीटच्या पाठीला ठेवलं, तर पुढच्या चाकांवर १३ किलो *वाढतं*. सामान तेच, पोतं तेच.

त्यातून माझा नियम निघाला: रॅकवर १५ किलोच्या वर काही नाही, आणि तेही फुगीर-हलकं. चिवडा, चकल्या, कपडे, आईचं पांघरूण. जड ते सगळं आत, खाली, चाकांच्या मधे.

दुसरी अडचण फायबरची. पत्र्याच्या डिकीला भोक पाडून रॅक कसता येतो. फायबरला भोक पाडलं आणि खड्ड्यांचे झटके बसले की बोल्टभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. मोठ्या खड्ड्यात १५ किलोचं सामान क्षणभर ३०-४० किलोसारखं ओढतं. म्हणून झाकणाला हातच लावला नाही. मागच्या बंपरमागे चासीला जे पक्के नटबोल्ट आहेत तिथूनच आधार घेतला.

आणि हे पुण्यात नाही, जिंतूरला केलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि शेताची फाटकं बनवणारा एक वेल्डिंगवाला. मी लॅपटॉपवर केलेलं डिझाईन मोबाइलवर दाखवलं. त्यानं पाहिलं, बाजूला ठेवलं, पुठ्ठा घेतला आणि गाडीच्या मागच्या भागाचा आकार कात्रीनं कापून काढला. दहा मिनिटांत. मग एकच प्रश्न विचारला, "काढता यायला पायजे का?" माझ्या डिझाईनमध्ये ते नव्हतंच, सुधारणा म्हणून लगेच घेतलं. चार नटबोल्ट, लोखंडाखाली रबराचे तुकडे, चौकोनी नळीचा सांगाडा, आणि बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून डबल नट. सगळा मिळून सात किलोच्या आत. हे सात किलोही १५ मधूनच वजा करायचे, बरं का. म्हणजे सामानाला उरले आठ.

आठ किलोत फराळ बसतो. ज्वारी?

आम्ही सॉफ्टवेअरवाले 'बिन पॅकिंग' शिकतो, वेगवेगळ्या आकाराच्या वस्तू कमीत कमी डब्यांत कशा बसवायच्या. भयंकर अवघड प्रश्न आहे. आईला तो अवघड वाटला नाही. तिनं जुन्या साडीच्या दोन-दोन किलोच्या लांबट पिशव्या शिवल्या आणि त्यात ज्वारी भरली, पण गच्च नाही, जरा सैल. सैल पिशवी पाण्यासारखी जागा भरते. सीटमागची वीतभर फट, सीटखालची पोकळी, स्टेपनीच्या रिंगमधला खड्डा, जिथं कुठली सूटकेस कधीच जाणार नाही तिथं ज्वारी गेली. २२ किलो बसली. मी मोजून सांगतोय, प्रत्येक पिशवी काट्यावर ठेवली होती. माझ्या पायाशी मात्र एकही नाही. ब्रेकखाली पिशवी सरकली तर काय होईल ते सांगायला नको.

उरलेली २८ किलो दुसऱ्या दिवशी ओळखीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आली. आईला ते फारसं रुचलं नाही. पण दोन माणसं, स्टेपनी, रॅक, सामान अशी बेरीज केली आणि टायरवरच्या आकड्याशी ताडून पाहिली, तर त्यापुढे मी जाणार नव्हतो. टायरच्या बाजूला मापानंतर एक आकडा असतो, उदाहरणार्थ ७५. म्हणजे त्या टायरची मर्यादा ३८७ किलो. तक्ता मोबाइलवर लगेच सापडतो, प्रत्येकानं एकदा बघावाच.

बारीकसारीक गोष्टी भराभर सांगतो. मागच्या टायरमध्ये हवा दोन-तीन पॉइंट जास्त. मागचा भाग बसला की हेडलाइट वर बघतात आणि समोरच्याचे डोळे दिपतात, तेव्हा सामान भरल्यावर भिंतीसमोर गाडी लावून ते खाली करून घ्या. नंबर प्लेट, ब्रेक लाइट, इंडिकेटर झाकले जाता कामा नयेत. सायलेन्सरच्या तोंडावर ताडपत्रीचं टोक लोंबायला नको. बांधायला बंजी दोरीपेक्षा जुन्या ट्यूबच्या पट्ट्या मला आवडतात, दूधवाले सायकलला कॅन बांधतात त्या. पकड चांगली आणि सुटली तर डोळ्यात हूक उडत नाही. आणि रॅकवर मौल्यवान काही नको. आईची औषधं, डोळ्यांचे रिपोर्ट, सगळं तिच्या मांडीवरच्या पिशवीत.

कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरच्या नोंदींशी जुळणार नाही असा बदल गाडीत करू नका. म्हणून चासी कापणं, बॉडीचा प्रकार बदलणं नाही. रॅक निघणारा, गाडीच्या रुंदीच्या आत, आणि विमा कंपनीला फोटोसकट मेल टाकून उत्तर जपून ठेवलंय. अजून एक, ज्यांच्याकडे खरंच जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी: २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, प्लेटवर 'व्हीए' येतं. पण मग ती रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल अशाच कामांसाठी रस्त्यावर आणता येते. दिवाळीला गावी जायला नाही. ती नोंदणी करायच्या आधी विचार करा.

प्रवास कसा झाला? सकाळी सहाला धरणाच्या बाजूनं निघालो, टप बंद ठेवून, कारण पूर्णेवरून येणारा गारवा आईच्या डोळ्याला नको होता. जिंतूरपर्यंत तिसाच्या वर गेलोच नाही. जालन्याला चहाला थांबलो तेव्हा चारही नट हातानं तपासले, एक पट्टी सैल झाली होती ती परत ओढली. आई खाली उतरली, गाडीला एक चक्कर मारली, ताडपत्रीखाली हात घालून चकलीचा डबा चाचपला आणि म्हणाली, "फुटल्या नसतील ना?" अहिल्यानगरच्या पुढे तिला झोप लागली. पुण्यात पोचायला चार वाजले.

पाच-सहा चकल्या फुटल्या होत्या. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात झालं, चांगलं झालं. रॅक सध्या बाल्कनीत आहे, त्यावर आईनं कुंड्या ठेवल्यात. पुठ्ठ्याच्या मापाचा फोटो खाली देतो, पण तुमच्या गाडीचं माप तुम्ही स्वतः घ्या. पुढच्या वेळी लोणच्याची बरणी न्यायची आहे, पाच किलोची, चिनी मातीची. ती उभीच राहिली पाहिजे, आणि मला अजून जागा सापडलेली नाही. कोणी नेली असेल तर व्हॉइस नोट पाठवा.