निगेटिव्ह कुठे ठेवली आहे?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोटोग्राफीच्या छंदाबद्दल दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. फोटो कसा काढावा हे इथले दोघं-तिघं माझ्यापेक्षा चांगलं जाणतात. माझं काम सॉफ्टवेअरचं. त्यामुळे काढलेल्या फोटोच्या फाइलचं पुढं काय करायचं, एवढंच बोलते.

30 सप्टेंबर 1993 चा भूकंप झाला तेव्हा आपण आठवीत होतो. सास्तूरकडून पुढच्या वर्षी आपल्या वर्गात आलेली मैत्रीण आज समोरच बसली आहे. तिला विचारूनच हे सांगते. घर पडलं तेव्हा भिंतीवरचा कुटुंबाचा एकुलता एक फोटोही गेला. पण त्याची निगेटिव्ह उमरग्याच्या एका स्टुडिओत होती. दोन वर्षांनी तिचे काका तिथं गेले, आणि पाकिटावर आडनाव, गाव आणि तारीख लिहिलेली होती म्हणून ती सापडली. आज तिच्या घरी जी तसबीर आहे, ती त्याच निगेटिव्हवरून केलेली.

डिजिटल कॅमेऱ्यात निगेटिव्हच्या जागी असते ती रॉ फाइल. सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा, निळा यांपैकी एकाच रंगाचा उजेड मोजतो; निम्मे ठिपके हिरव्याचे. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची, 1976 च्या पेटंटची. हे आकडे जसेच्या तसे ठेवले की रॉ. कॅमेऱ्यानं स्वतःच्या अकलेनं त्यांचं चित्र बनवून उरलेलं टाकून दिलं की जेपेग. जेपेगमध्ये एका रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉमध्ये 16,384.

याचा उपयोग कळायला पावसाळ्यात नळदुर्गला जा. पाणीमहालात आत काळा दगड आणि काळोख, बाहेर बोरी नदीचा पांढरा फेस. जेपेगमध्ये फेसाचा नुसता चुना होतो किंवा भिंतीची काजळी. रॉमध्ये उजेड फेसाला धरून घ्यावा. भिंतीवरचं कोरीव काम नंतर घरी बसून काळोखातून वर काढता येतं. मात्र फेस पूर्ण जळाला असेल तर रॉमधूनही परत येत नाही. रॉ म्हणजे जादू नव्हे.

फाइल मोठी असते, एकेक पंचवीस-तीस एमबी. म्हणून शिस्त लागते. घरी आल्यावर कार्डातले फोटो 'कट' करायचे नाहीत, 'कॉपी' करायचे. एका डिस्कवर, मग दुसऱ्या डिस्कवर. दोन्हीकडच्या चार-सहा फाइली उघडून बघायच्या आणि मगच कार्ड रिकामं करायचं. दोन्ही डिस्क एकाच कपाटात असतील तर ती एकच प्रत समजा. सास्तूरचं घर आणि उमरग्याचा स्टुडिओ एवढं तरी अंतर हवं.

मग विरळणी. बाजरीची करतो तशी निर्दयपणे. तीनशेतले चाळीस ठेवायचे. हे काम कुणालाच आवडत नाही, मलाही नाही, पण न केल्यास चांगले चाळीस त्या गर्दीत कायमचे हरवतात.

उरलेल्यांवर संस्कार करायला डार्कटेबल हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते मूळ फाइलला हात लावत नाही. उजेड किती वाढवला, कडा कुठे कापल्या, हे शेजारी एका छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहून ठेवतं. बाईंनी आपल्या वहीत लाल शाई न करता दुरुस्त्यांची वेगळी चिठ्ठी जोडावी, तसं. चिठ्ठी मागे ठेवून नुसती वही हलवू नका, केलेली मेहनत जाते. कॅनन, निकॉन, सोनी यांच्या रॉ फाइली वेगवेगळ्या असतात. म्हणून निवडक फोटोंची पूर्ण आकाराची जेपेगही काढून ठेवावी, ती कुठंही उघडते.

आता पाकिटावरचं नाव. फोल्डरला आधी वर्ष, मग महिना, मग दिवस द्या, म्हणजे ते आपोआप क्रमानं लागतात. पुढे गाव. इथं आपल्या जिल्ह्याची खास अडचण आहे. माझ्या जुन्या फोल्डरांवर उस्मानाबाद आहे, 2023 नंतरच्यांवर धाराशिव. संगणकाला राजकारण कळत नाही, त्याच्या दृष्टीनं ही दोन वेगळी शहरं. एक शोधलं की दुसऱ्यातलं सापडत नाही. म्हणून मी प्रत्येक फोटोच्या माहितीत दोन्ही नावं घालते, आणि तेर, परंडा, येडशी अशी गावाची नावं तर नक्कीच.

मोबाइलवाल्यांनाही एक विनंती. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि कधी काढला ही आतली नोंदही जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

कुणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला? मागच्या टेबलावर 1996 च्या निरोप समारंभाचा आपला फोटो ठेवला आहे. सकाळी आम्ही आठ जणी त्याच्यावर वाकलो होतो. शेवटच्या रांगेतल्या तिघांची नावं कुणालाच आठवेनात. बाई आल्या, चष्मा लावला आणि तिन्ही नावं सांगितली, वर कुणाचा भाऊ कुठल्या वर्गात होता तेही. त्या तिघांपैकी एक जण आता आपल्यात नाही.

तेव्हा जेवणानंतर दोन कामं. ज्यांच्याकडे कॅमेरे आहेत त्यांनी कार्ड माझ्याकडे आणून द्यावं; मी लॅपटॉप आणि दोन डिस्क आणल्या आहेत. एक डिस्क मुख्याध्यापकांच्या परवानगीनं शाळेत राहील, दुसरी मी पुण्याला नेईन. आणि तुमच्यापैकी दोघांनी वही-पेन घेऊन बाईंच्या शेजारी बसा. पहिल्या रांगेपासून सुरुवात करा, डावीकडून उजवीकडे, आणि नावाबरोबर गावही लिहा.