सायकलच्या मागची गाडी

नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी 2017 मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ एकट्यानं पूर्ण केली, हे तुम्ही ऐकलं असेल. अंदाजे 4,800 किलोमीटर, मुदत 12 दिवस. पण गाडीतल्या क्रूबद्दल कुणी बोलत नाही. रात्री मागे गाडी नसेल तर सायकल चालवायचीच नाही, असा तिथला नियमच आहे. एक जण रस्ता सांगणार, दुसरा खाणं-पाणी मोजून देणार, बाकीचे कॅम्परमध्ये आळीपाळीनं झोपणार.

सगळ्यात अवघड काम म्हणजे तासाभरापूर्वी झोपलेल्या माणसाला उठवायचं. मी रात्री ऑन-कॉल असतो, पण आपला सर्व्हर ‘अजून पाच मिनिटं’ म्हणत नाही ना!

पुढच्या महिन्यात मित्राच्या मागे मी गाडी चालवणारे. भोकरदन-सिल्लोड रस्त्यावर सराव चालूये: ताशी वीसचा वेग, आणि मागे ट्रकवाल्यांचे हॉर्न.